देवाजीने बांधलेला पडदा

देवाजीने उभ्या आयुष्यात एकही नाटक समोरून पाहिलं नाही.

आमच्या नाटक मंडळीत तो पडदा ओढायचा. दिवाळी सरली की झाडीपट्टीत गावोगाव मंडप पडायचे आणि होळीपर्यंत आम्ही आज या गावात, उद्या त्या गावात, ट्रकमध्ये पेट्यांवर बसून फिरायचो. मी राजा व्हायचो. कधी पाटील, कधी दारुडा बाप, पण जास्त करून राजाच. म्हणून आजही गावात मला गुणवंतराव कोणी म्हणत नाही, राजे म्हणतात. देवाजी विंगेत उभा असायचा, दोरी मनगटाला गुंडाळून. तिथून त्याला काय दिसणार? राजाची पाठ. राणीच्या शालूला मागून टोचलेल्या पिना. मी मेलो की त्याला माझे तळवे दिसायचे.

"राजे, काल मेल्यावर तुमचा अंगठा हालला," असं तो दुसऱ्या दिवशी चहा पिताना गंभीरपणे सांगायचा.

"मच्छर चावला बे."

"मेलेल्याले मच्छर चावत नाई."

विंगेच्या कापडाखालून त्याला पलीकडच्यांचे पाय दिसत. नुसत्या पायांवरून तो ओळखायचा, कोण उभं आहे, कोण घाबरलं आहे, कोण थोडी घेऊन आलं आहे. त्याचा अंदाज चुकलेला मला आठवत नाही. आणि त्याचे हात शिटीचे गुलाम होते. मॅनेजरची पहिली शिटी म्हणजे सावध, दुसरी शिटी म्हणजे पडदा वर. त्या दोन शिट्यांमध्ये देवाजी श्वाससुद्धा घेत नसावा. एकदा वडसा स्टेशनवर आम्ही गाडीची वाट पाहत होतो. दुसऱ्याच गाडीच्या गार्डाने दोनदा शिटी वाजवली आणि देवाजीने शेजारी जे हाताला लागलं ते खाडकन खाली ओढलं. ते माझं धोतर होतं. फलाटावरच्या बायका तोंडात पदर कोंबून हसल्या. देवाजी मात्र माझ्याकडे न पाहता वर पाहत होता, पडदा उठला की नाही ते.

मी त्याला कितीदा म्हटलं, "देवाजी, एक दिवस समोर बस. दोरी ओढायले दुसरा मिळन."

"समोर बसून काय करू? मले दोरीचीच आठवन येईन."

पण असं म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर जे असायचं ते मी ओळखत होतो. आम्ही नट होतो. चेहऱ्याचा धंदा केलेला.

पुढे मंडळी मोडली. मंडप उभारताना देवाजीच्या पायावर बल्ली, म्हणजे मंडपाचा लाकडी खांब, पडली होती, ती दुखापत म्हातारपणी उलटली आणि त्याच्या हातात काठी आली. पडदे आमच्याच गावच्या समाजमंदिरात लोखंडी पेटीत पडले. चार होते. रानाचा, दरबाराचा, रस्त्याचा आणि गरिबाच्या झोपडीचा. दरवर्षी पाऊस उलटला की देवाजी ते तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उन्हात पसरायचा, उंदरांनी कुरतडलेलं शिवायचा आणि पुन्हा घडी करून ठेवायचा. कोणासाठी, हे त्याला कोणी विचारलं नाही.

त्यातला रानाचा पडदा सगळ्यांचा लाडका. रंगवणारा पेंटर बाहेरून आला होता, त्याने आमचं रान पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे त्या रानात बर्फाचे डोंगर आहेत, नारळाची झाडं आहेत, एक धबधबा आहे आणि मधोमध एक वाघ आहे, तो हसतो. ज्या गावात वाघाने खरोखर माणूस नेला होता, तिथेही लोक या वाघाला पाहून हसायचे. वाघाच्या डाव्या डोळ्यात एक भोक होतं. त्यातून आम्ही नट लोक नाटकाआधी, पुढचा पडदा पडलेला नसताना, मंडप किती भरला ते पाहायचो. मॅनेजर त्यावरून शिव्या घालायचा, पण भोक कोणी बुजवू दिलं नाही.

आमचं गाव धानोऱ्याकडून गडचिरोलीला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. रस्त्याला लागून मासेमार ढिवरांचा मोहल्ला, त्याच्या मागे तलाव, तलावाच्या मागे जंगल. देवाजीचं घर रस्त्याला तोंड करून. कुंपणावर जाळी वाळत घातलेली असतात, दारात त्याची बायको कुंता टोपली घेऊन मासळी विकते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन शब्द ऐकवते. मुलगा खुशाल आणि सून थंडी सरताना मिरची तोडायला तेलंगणात जातात. त्यांची मुलगी रिंकू आजा-आजीकडेच वाढली.

ही पोरगी चालायची नाही, पळायचीच. तलावाच्या पाळीवर अनवाणी. देवाजी जाळ्याच्या गाठी मारत पाळीखाली बसलेला असायचा, त्यामुळे त्यालाही तिचे पायच आधी दिसायचे. बोटं पंख्यासारखी फाकलेली. डाव्या घोट्यावर एक डाग, लहानपणी जाळ्याचं शिसं लागून झालेला. "हजार पायांत ओळखीन," तो म्हणायचा. बारावी झाल्यावर ती पोलीस भरतीची तयारी करायला गडचिरोलीला गेली. तिथे मैदानावर पळते, असं तो ऐकून होता. त्या पायाने त्याला तिथपर्यंत जाणं जमलं नाही.

आणि यंदा माघात ती शर्यत आली. लांब पल्ल्याची, धानोऱ्याच्या बाजूने निघून आमच्या गावावरून पुढे जाणारी. मोठी समिती, मोठे पाहुणे, सगळ्या धावणाऱ्या मुलींना समितीकडून कपडे आणि बूट. रिंकूचा फोन आला तेव्हा मी देवाजीच्या ओट्यावरच होतो. फोन त्याने कानाला न लावता तोंडासमोर धरला होता, त्यामुळे सगळ्या मोहल्ल्याने ऐकलं.

"आजा, मी आपल्या दारासमोरून जातो! तू बाहेर बसजो. मले दिसला पाह्यजे. तिथी मी हात करीन."

"बसतो ना! बसतो!" देवाजी ओरडला. फोन बंद झाल्यावरही ओरडला.

संध्याकाळी तो काठी टेकत माझ्याकडे आला. "राजे, तुमचं सिंहासन द्या एका दिवसासाठी."

मंडळीची हातवाली खुर्ची माझ्याकडे आहे. सोनेरी रंग कधीचा उडाला, एका बाजूचा सिंह तुटला. मी म्हटलं, "कायमची ने."

"नाई, एका दिवसासाठीच. समोर बसाचं हाय मले. समोर." हा शब्द तो दोनदा म्हणाला.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात समितीचा माणूस आला. सुरेंद्र त्याचं नाव. तरुण, बोलायला गोड, उन्हाने नाक सोललेलं. तो वाईट माणूस नव्हता हे मी आधीच सांगतो. त्याने कुंताकडून मासळी घेतली, भाव केला नाही. मग मोहल्ल्यासमोर उभा राहून मोबाईलमध्ये पाहू लागला. जाळी, सांडपाणी, ताडपत्रीची छपरं, वाळत घातलेले झिंगे, डुकरं.

"काका, हा भाग व्हिडिओत जरा… म्हणजे बाकी रस्ता छान आहे. झाकायला हिरवी जाळी मागवली होती, ती आधीच्या गावांतच संपली. इथे मागे काहीतरी बॅकग्राउंड पाहिजे होतं. तुमच्याकडे नाटकाचे पडदे आहेत म्हणे?"

देवाजी काठीवर सरळ झाला. "मागचा पडदा पाह्यजे?"

"हो, हो. मागचा पडदा. तेच."

इथे नाटकवाल्यांची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भाषेत पुढचा पडदा आणि मागचा पडदा हे दोन वेगळे प्राणी. पुढचा पडदा माणसं झाकतो. मागच्या पडद्यासमोर माणसं उभी राहतात. नाटक चालू असताना मागच्या पडद्याच्या मागे कोणी नसतं. देवाजीने ऐकलं "मागचा", आणि त्याच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. मागे रान, त्यासमोर सगळा मोहल्ला धुतलेले कपडे घालून बसलेला, मधोमध सिंहासनावर तो, आणि समोरून शर्यत. घरं झाकली जातील याचं त्याला काही वाटलं नाही. घर कोणाला दाखवायचं होतं?

"कोणकोणते सीन आहेत?" सुरेंद्रने विचारलं.

"रान. दरबार. रस्ता. गरिबाची झोपडी."

सुरेंद्र जरा थांबला. "झोपडी नको."

"दरबार लावू?"

"दरबार चालेल, रान चालेल. झोपडी तेवढी नको, काका."

कुंता टोपली आवरत होती. "घरामागं रान, घरासमोर रान, मंधात आपन," ती म्हणाली. "वाघ आला तं कोनत्या रानातून आला म्हनून सांगाव?"

सुरेंद्र हसला. देवाजी हसला नाही. तो कामाला लागला होता.

इतक्या वर्षांनी त्याला कोणी पडद्यासाठी बोलावलं होतं. त्या दिवसांत त्याचा पाय दुखला नाही. पडदे पाळीवर पसरले, झटकले. सुई-दोरा घेऊन तो एकेक भोक हुडकत बसला. मी शेजारी बसून जुन्या गप्पा काढत होतो. वाघाच्या डोळ्याशी आला तेव्हा मी म्हटलं, "देवाजी, हे एक राहू दे. आठवन हाय."

"समोरून भोक दिसते, राजे. बाहेरची मानसं येनार हायेत." आणि त्याने काळ्या कापडाचा तुकडा लावून वाघाला डोळा दिला.

बल्ल्या गाडल्या गेल्या तेव्हा समितीची पोरं खिळे आणि हातोडी घेऊन आली. देवाजीने त्यांना हात लावू दिला नाही. "पडद्याले खिळा ठोकतेत का कोनी?" वर आडवा बांबू, कप्प्या, दोरी, खाली वजनाला बांबू. जसा रंगमंचावर बांधायचा तसाच त्याने मोहल्ल्यातल्या पोरांकडून रानाचा पडदा बांधून घेतला. दोरी ओढली की गुंडाळत वर जाणार, सोडली की सरळ खाली. शेजारी दरबार आणि रस्ता तसेच.

"अवो, तुमचा पडदा उचलनार कोन हाय?" कुंताने विचारलं.

"कोनी नाई."

"मंग दोरी कायले?"

"पडदा हाय म्हनल्यावर दोरी लागतेच," देवाजी म्हणाला. यापुढे बोलण्यासारखं काही नाही असा त्याचा चेहरा होता.

शर्यतीच्या सकाळी मोहल्ला लवकर उठला. बायकांनी पडद्यासमोर, रस्त्याच्या कडेला सडा टाकला. सिंहासन मधोमध, वाघाच्या बरोबर खाली ठेवलं. देवाजी धुतलेला सदरा घालून बसला, काठी आडवी मांडीवर. मी डावीकडे, कुंता उजवीकडे. मी त्याच्याकडे पाहत होतो. नाटक सुरू व्हायच्या आधी पहिल्या ओळीतल्या माणसाचा जो चेहरा असतो, तो मी हजारदा पाहिला आहे. देवाजीच्या खांद्यावर तो चेहरा मी पहिल्यांदा पाहिला.

मग जीपमधून सुरेंद्र उतरला, त्याच्यामागे टोप्या घातलेले, गळ्यात शिट्या अडकवलेले स्वयंसेवक.

"चला, चला, सगळ्यांनी मागे."

बायका दोन पावलं सरकल्या.

"तसं नाही. पडद्याच्या मागे."

देवाजीला वाटलं, या पोराला समजलेलं नाही. तो शांतपणे म्हणाला, "बाबू, हा मागचा पडदा हाय. मागच्या पडद्याच्या मागं कोनी नसते."

"काका, कॅमेरा गाडीवर आहे, इकडूनच जाणार. तुम्हीच पुढे बसलात तर पडदा लावून उपयोग काय?"

हे तो रागाने बोलला नाही. समजावून सांगत होता. देवाजी त्याच्याकडे पाहत राहिला आणि मला दिसलं, ते वाक्य त्याच्या आत उतरायला वेळ लागत होता.

मी उठलो. म्हटलं, "यांची नात धावते आहे. हा एक म्हातारा बसू द्या, बाकी आम्ही जातो." माझा आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. सुरेंद्रने मान खाली घातली. म्हणाला, "बाबा, एकाला बसवलं की सगळे येतात. मला वरून बोलणी बसतील." आणि त्याच्या पोरांनी सिंहासन उचललं, चांगलं अलगद उचललं, आणि रस्त्याच्या पडद्याला वळसा घालून आत नेलं.

"बांधला ना आपल्या हातानं?" कुंता देवाजीला म्हणाली. "मजबूत बांधला. बसा आता."

आतून पडदा म्हणजे काय असतो ते प्रेक्षकाला माहीत नसतं. मळकट जाडंभरडं कापड, शिवणी, ठिगळं, वाघाच्या जागी एक पिवळट डाग. सगळा मोहल्ला त्या कापडाकडे तोंड करून उभा होता. दरबार आणि रस्ता या दोन पडद्यांच्या टोकांना स्वयंसेवक उभे. पोरं भोक शोधत कापडाला डोळे लावत होती. एकही सापडलं नाही. देवाजी खुर्चीत बसला नाही. आपल्या जागी गेला, बल्लीपाशी. काठी बल्लीला टेकवली आणि दोरीचं टोक हातात घेतलं. उगीच. मला वाटतं, त्याला दुसरीकडे कुठे उभं राहायचं ते माहीत नव्हतं.

पलीकडे लेझीम सुरू झाली. भोंग्यातून निवेदक बोलू लागला, पाहुण्यांची उघडी गाडी येते आहे, तिच्यामागे पुरुष धावपटू. एका स्वयंसेवकाने रस्त्यावरचं कुत्रं हाकलायला शिटी वाजवली. देवाजी ताठ झाला. मी पाहिलं. मी ओरडणार होतो.

दुसरी शिटी वाजली.

पडदा सर्रकन वर गेला. बर्फाचे डोंगर, धबधबा, वाघ, सगळं गुंडाळत आभाळाला लागलं आणि समोर लख्ख रस्ता. इकडे आम्ही. वाट पाहून काहीजण आपापल्या कामाला लागले होते. कोणी दात घासत होतं. एक बाई पोराला हापशाखाली धूत होती. कुंताने देवाजीला मारायला हात उचलला होता, तो तसाच वर राहिला. पडदा उठला की हलायचं नसतं हे झाडीपट्टीत लहान पोरालाही कळतं. सगळा मोहल्ला चित्रासारखा स्तब्ध उभा. मग सवयीने कोणीतरी हात जोडले आणि सगळ्यांनीच जोडले, नांदीला जोडतात तसे.

गाडीतल्या पाहुण्यांनी आम्हाला पाहिलं आणि हसून हात हलवला. पळणाऱ्या दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. निवेदकाला वाटलं, कार्यक्रमातच आहे. "आणि पहा, मंडळी, आपल्या झाडीची लोकसंस्कृती! किती जिवंत देखावा!" भोंग्यातून आवाज आला.

सुरेंद्र धावत आला, पांढराफटक. "पाडा! पाडा!"

देवाजीने दोरी सोडली. पाडा म्हटलं की पाडायचा. पडदा खाली आला, देखावा संपला.

"काका, काय केलं हे!"

"शिटी…" देवाजी म्हणाला. "शिटी वाजली ना."

सुरेंद्रला हे समजणं शक्य नव्हतं. त्याने एका पोराकडे पाहिलं. त्या पोराने खिशातून चाकू काढून दोरी वरच्या बाजूला कापली. एका फटक्यात तुटली नाही, चांगली जुनी पिळाची दोरी होती, करवतीसारखं घासावं लागलं. देवाजी पाहत होता. तुकडा त्याच्या हातातच राहिला.

"मुली येतात आता," भोंगा म्हणाला.

तेव्हा देवाजी खाली बसला. गुडघे टेकले, मग कोपरं टेकली, गाल जमिनीला लावला. पडद्याच्या खालच्या बांबूखाली वीतभर फट होती. त्यातून डांबर दिसत होतं. मी त्याच्या शेजारी आडवा झालो. या वयात राजाने मातीत लोळायचं कारण एवढंच, की तो एकटा लोळताना मला पाहवत नव्हता.

"हजार पायांत ओळखीन," तो पुटपुटला. "तुमी बोलू नोका."

पाय आले. देवाजीच्या तोंडातून एक चमत्कारिक आवाज निघाला. सगळे पाय सारखे होते. केशरी बूट, पांढरे मोजे घोट्याच्या वरपर्यंत ओढलेले. बूट, बूट, बूट. बोटं नाहीत, डाग नाही, घोटा नाही. तो मान इकडून तिकडे फिरवत होता. "हे? नाई. हे असन. थांबा. राजे, हे पाहा, हे? अवं माय, सगळ्या सारख्याच…" लेझीम कान फोडत होती. भोंग्यात गाणं लागलं होतं.

आणि त्यातच एक बुटांची जोडी फटीसमोर येऊन थांबली. अगदी समोर. पुढे गेली, परत फिरली, पुन्हा आमच्या तोंडासमोर उभी राहिली, टाचा वर झालेल्या. त्या बुटांच्या आड मागून येणाऱ्या मुलींचे पाय दिसेनात.

"हट ना वं!" देवाजी ओरडला. "बाजूले हो! माही पोरगी येऊन राह्यली!"

बूट हलले नाहीत. देवाजीने बल्लीपाशी चाचपून काठी घेतली, फटीतून बाहेर सारली आणि बुटावर मारली. एकदा. मग दुसऱ्यांदा, जोरात. बूट दचकले, मागे सरले आणि पळत निघून गेले.

देवाजी पुन्हा फटीला डोळा लावून पडला. शेवटची मुलगी गेली, पाणीवाली गाडी गेली, भोंगा दूर गेला. तरी तो पडूनच होता. कुंताने आणि मी त्याला उठवलं तेव्हा त्याच्या गालावर खडीचे ठसे होते.

"गेली असन त्यातच," मी म्हटलं. "तू पाह्यलीच असन, फक्त ओळखू नाई आली."

"व्हय," तो म्हणाला. "पाह्यलीच असन."

दुपारनंतर रिंकू आली. गळ्यात पदक, तसलं पदक सगळ्यांनाच दिलं होतं. मोहल्ल्यातल्या पोरी तिच्या बुटांभोवती जमल्या. ती आजाजवळ येऊन बसली, बूट न काढता, पाय लांब करून. कुंताने तिच्यापुढे भात आणि मासळीचा रस्सा ठेवला.

"आजा, तू कुठी व्हता?"

"इथीच," देवाजी म्हणाला.

"मले घरच दिसलं नाई. तिथवर मी पुढच्या पोरींत व्हतो, दम पन चांगला व्हता. मले वाटलं, मोहल्ला मागं राह्यला का काय, आजा राह्यला. मंग वाघ दिसला." ती हसली. "तुहा पाळीवरचा वाघ! तवा समजलं का घर याच्याच मागं हाय. मी थांबलो. परत फिरलो. किती हाका मारल्या तुले, त्या लेझीमवाल्यांनी काही ऐकू देल्लं नाई. टाचा उंच करून वरून पाह्यलं, काही दिसे नाई."

तिने घास घेतला.

"अन् कोनीतरी वाघाच्या खालून काठी मारली ना माह्या पायाले! दोनदा. मले वाटलं, समितीवाले असतीन, थांबू देत नसतीन. पळालो मंग. पन तेवढ्यात पुढच्या पोरी गेल्या निघून."

कुंताच्या हातातला डाव रश्शात तसाच राहिला. जी बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सोडत नाही, ती नुसती नवऱ्याकडे पाहत होती. तो क्षण मला कुठल्या नाटकात दिला असता तर मी काहीतरी केलं असतं, कपाळाला हात लावला असता, दोन पावलं मागे गेलो असतो. देवाजीने काहीच केलं नाही. त्याने रिंकूच्या पायाकडे पाहिलं.

"लागली का वं?" त्याने विचारलं.

"नाई. बूट व्हता ना."

"असन कोनी," देवाजी म्हणाला. "असतेत अशे लोक."

रिंकूला काय कळलं, काय नाही, मला सांगता येत नाही. ती पोरगी मनाने मोठी आहे. जेवण झाल्यावर म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीनं जातो मी. त्याच्या आधी पुलापासून इथवर पळून दाखवतो तुले. फक्त तुह्यासाठी. मंग तं पाह्यशीन ना?"

समितीचं कोणी पडदा न्यायला किंवा काढायला आलं नाही. दोरी कापलेली, त्यामुळे तो वर गुंडाळताही येत नव्हता. दुसऱ्या सकाळी मी आणि शेजारच्या अजयने सिंहासन बाहेर काढून पडद्यासमोर ठेवलं, वाघाच्या खाली, जिथे देवाजीला हवं होतं तिथेच. कोणी हटकायला नव्हतं. रस्ता रिकामा होता. रात्री दव पडून पडदा ओला झाला होता, वाघाचा रंग एका बाजूने ओघळला होता.

कुंताने देवाजीला धरून आणलं. मी विचारलं, "काठी कुठी हाय?"

"चुलीत घातली," कुंता म्हणाली.

पुलाकडून रिंकू निघाली. मी लोकांकडून टाळ्या घ्यायला शिकलो, टाळ्या द्यायला कमी शिकलो, पण तिच्यासाठी मी उभा राहिलो. काय पळते ती! मान सरळ, खांदे मोकळे, वेणी पाठीवर उडते आहे, चेहऱ्यावर पूर्ण ऊन. मोहल्ल्यासमोर आल्यावर तिने हात उंच केला. "आजाऽ!" ती ओरडली. "पाह्य!"

मी देवाजीकडे पाहिलं. तो पुढे वाकून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. नजर खाली, डांबरावर. तिचे पाय आले, तशी नजर त्यांच्याबरोबर डावीकडून उजवीकडे गेली आणि बूट दिसेनासे झाल्यावर तिथेच थांबली.

ती वळणापाशी जाऊन थांबली, कमरेवर हात ठेवून धापा टाकत, हसत आमच्याकडे पाहू लागली.

"कशी पळाली, देवाजी?" मी विचारलं.

"बूट चांगले हायेत, राजे," तो म्हणाला.